किशिनाऊची वीज, युरोपचे नियम: बिल वाढलं, मग मिळालं काय?

मेघना_तळेगाव

माझा धाकटा भाऊ २०२१ पासून किशिनाऊला एमबीबीएस करतोय. किशिनाऊ म्हणजे मोल्दोव्हाची राजधानी. रोमानिया आणि युक्रेन यांच्यामध्ये दडलेला छोटासा देश. तो निघाला तेव्हा घरात काळजी होती थंडीची आणि जेवणाची. विजेचा विचारही कुणाच्या मनात आला नव्हता.

मग नोव्हेंबर २०२२ मध्ये आठवड्याच्या अंतराने दोनदा, १५ आणि २३ तारखेला, त्याच्याकडे अंधार झाला. क्षेपणास्त्रं पडली युक्रेनवर आणि दिवे गेले यांचे. फोन लागेना. आईने त्या रात्री जेवण केलं नाही.

आता प्रश्न. तो ज्या आजींकडे भाड्याने राहतो त्या निवृत्त शिक्षिका आहेत. त्या म्हणतात, "रशियाचा गॅस होता तेव्हा बिल परवडायचं. युरोपचे नियम आले आणि बिल वाढलं." बातम्या वाचायला गेलं की बाजार खुला करणं, कंपन्यांचं विभाजन, ग्रिड जोडणं असे शब्द येतात आणि माझी गाडी तिथेच अडते. एखादा देश आपलं अख्खं वीज आणि गॅसचं खातं युरोपच्या नियमांत बसवतो म्हणजे नक्की काय करतो? आणि त्या आजींना त्यातून काय मिळतं? कुणी सोप्या भाषेत सांगेल का?

चहा_दोन_कप

आधी नकाशा उघडून देश शोधला, मग परत आलो. चांगला विषय. रुमाल टाकून ठेवतो.

तारयंत्री

मेघना, मी पारेषणात, म्हणजे वीज वाहून नेण्याच्या कामात, तेहतीस वर्षं काढली, तेव्हा तारेपासून सुरुवात करतो.

ग्रिड म्हणजे एकमेकांना जोडलेल्या वीजतारांचं जाळं. एका ग्रिडमधली सगळी जनित्रं एकाच ठेक्यात फिरतात. सेकंदाला ५० आवर्तनं, म्हणजे ५० हर्ट्झ. दिंडीत टाळाचा ठेका एक असतो ना, तसं. मागणी वाढली की ठेका किंचित मंदावतो, कमी झाली की वाढतो, आणि कुणीतरी सतत लक्ष ठेवून तो सावरत असतं. सोव्हिएत काळापासून मोल्दोव्हा आणि युक्रेन ज्या दिंडीत चालत होते, तिचा ठेका मॉस्कोतून सांभाळला जायचा. तुमच्या घरातल्या दिव्याचा तोल दुसऱ्याच्या हातात, हा त्याचा अर्थ.

२४ फेब्रुवारी २०२२ च्या पहाटे या दोन्ही देशांनी ठरल्याप्रमाणे चाचणी म्हणून जुना ग्रिड सोडला. तीन दिवस स्वतःच्या पायावर चालून दाखवायचं आणि मग परत जोडून घ्यायचं, असा बेत होता. काही तासांतच युद्ध सुरू झालं. परत जोडणं नाही आणि युरोपशी जोडणी तर २०२३ मध्ये व्हायची होती. तशा अवस्थेत त्यांनी जवळजवळ तीन आठवडे ठेका सांभाळला आणि १६ मार्च २०२२ ला युरोप खंडाच्या ग्रिडला जोडले गेले. नियंत्रणकक्षात बसलेल्या माणसांनी त्या दिवसांत काय केलं असेल याची मला पुरेपूर कल्पना येते. आजही त्याबद्दल वाचलं की अंगावर काटा येतो.

तुमच्या भावाकडे अंधार का झाला, तर त्यामागेही तारच. रोमानियातून येणारी इसाक्चा–व्हुल्कानेश्त ही मोठी लाइन युक्रेनच्या हद्दीतून जाते आणि पुढे ट्रान्सनिस्ट्रियातल्या (मोल्दोव्हाचाच, पण किशिनाऊच्या हातात नसलेला भाग) कुचुर्गान वीजकेंद्रावरून किशिनाऊला पोचते. युक्रेनच्या ग्रिडला धक्का बसला की संरक्षण यंत्रणा लाइन तोडते. म्हणून तर जागतिक बँकेच्या कर्जातून व्हुल्कानेश्त–किशिनाऊ ही ४०० केव्हीची, म्हणजे चार लाख व्होल्टची, थेट लाइन बांधायला घेतली. ती असल्यावर ट्रान्सनिस्ट्रियात न शिरता वीज राजधानीपर्यंत येते.

मेघना_तळेगाव

काका, पहिल्यांदा कळलं. पण ही झाली तार. नियम कुठे आले?

व्हिएन्नाकर

तिथे मी येतो. 'एनर्जी कम्युनिटी' नावाची एक संस्था आहे, तिचं सचिवालय आमच्या व्हिएन्नात. अथेन्समध्ये ऑक्टोबर २००५ मध्ये करार झाला, जुलै २००६ पासून लागू. कल्पना साधी: तुम्ही युरोपीय संघाचे सदस्य नसलात तरी वीज आणि गॅसपुरते युरोपचे कायदे आपल्या कायद्यात उतरवा, मग बाजार जोडू. सर्बिया, अल्बानिया, कोसोव्हो, उत्तर मॅसिडोनिया वगैरे बाल्कन देश त्यात आहेत. मोल्दोव्हा २०१० ला आला, युक्रेन २०११ ला, जॉर्जिया २०१७ ला.

त्या कायद्यांचा गाभा एका उदाहरणात सांगतो. समजा बाजार समितीच्या आवाराचं गेट एका आडत्याच्याच मालकीचं आहे. तो स्वतःच्या मालाच्या गाड्या आत सोडणार आणि दुसऱ्याच्या गाड्या उन्हात उभ्या ठेवणार. मग बाजार खुला आहे असं पाटीवर लिहून उपयोग काय? म्हणून नियम असा की गेट, म्हणजे तारा आणि पाइपलाइन, ज्याच्या हातात आहे त्याने माल विकायचा नाही. गेट सगळ्यांना सारख्या दराने उघडं, आणि तो दर ठरवणार स्वतंत्र नियामक.

मोल्दोव्हात गॅसच्या बाबतीत गेट अगदी याच आडत्याकडे होतं. मोल्दोव्हागाझ कंपनीत निम्मा वाटा रशियाच्या सरकारी गॅस कंपनीचा, गाझप्रोमचा, आणि गॅस वाहून नेणारी पाइपलाइन याच कंपनीच्या उपकंपनीकडे. सप्टेंबर २०२३ मध्ये पाइपलाइन चालवण्याचं काम रोमानियाच्या ट्रान्सगाझच्या उपकंपनीकडे गेलं. विकणारा आणि वाहणारा वेगळे. हे अनेक वर्षं कागदावर रखडलं होतं.

उसाचा_रस

व्हिएन्नाकर, उदाहरण आवडलं पण निष्कर्ष पटला नाही. पाइप तोच, माणसं तीच, फक्त चालवणारा बदलला. आणि आजींच्या बिलात काय पडलं? ऑक्टोबर २०२२ मध्ये मोल्दोव्हात महागाईचा दर ३४ टक्क्यांच्या पुढे होता. त्या देशात पेन्शनवर जगणाऱ्या बाईला 'स्वतंत्र नियामक' हा शब्द ऐकवून घर गरम होत नाही.

माझं स्पष्ट मत आहे की वीज ही गरज आहे, तिचा बाजार मांडू नये. विभाजन म्हणा की सुधारणा, शेवटी भुर्दंड पडतो तो खालच्या माणसाला.

चहा_दोन_कप

आपल्याकडेही झालंच की विभाजन. ६ जून २००५. वीज मंडळाचे महानिर्मिती, महापारेषण, महावितरण असे तुकडे. अजूनही आमचे आजोबा 'बोर्डाचा माणूस आला' असंच म्हणतात.

तारयंत्री

बरोबर, २००३ च्या वीज कायद्यातून ते आलं. मात्र फरक लक्षात घ्या. आपल्याकडे त्या कंपन्या एकाच सरकारच्या घरात राहिल्या. मोल्दोव्हात प्रश्न असा होता की गेटाची किल्ली परक्या देशाच्या कंपनीकडे होती. दोन्हीला विभाजन हाच शब्द असला तरी दुखणं वेगळं होतं.

निफाडकर

बाजार समितीचं नाव निघालं म्हणून लिहितो. मी कांदा पिकवतो. आमच्याकडे लिलावात प्रत्येक ट्रॉलीला वेगळा भाव फुटतो. चांगल्या मालाला जास्त, ओल्याला कमी. विजेत तर सगळा माल सारखाच. मग युरोपात भाव कसा काढतात? आणि बातम्यांत म्हणतात गॅस महागला म्हणून वीज महागली, तर मग पाण्यावरची वीज का महागली? पाणी तर महागलं नव्हतं.

व्हिएन्नाकर

निफाडकर, या प्रश्नावर युरोपात मोठमोठे वाद झाले आहेत.

उद्याच्या विजेचा लिलाव आज होतो. प्रत्येक केंद्र सांगतं, मी इतक्याला इतकी देईन. सगळ्यात स्वस्त आधी घेतात: वारा, सूर्य, पाणी, मग अणुवीज, मग कोळसा, गॅस. मागणी जिथे पूर्ण होते तिथल्या शेवटच्या केंद्राचा जो भाव, तोच सगळ्यांना मिळतो. ते शेवटचं केंद्र बहुतेक वेळा गॅसचं असतं. म्हणजे गॅसचा भाव सगळ्या ट्रॉल्यांना.

समर्थक म्हणतात, यामुळे प्रत्येक जण आपला खरा खर्च सांगतो, आणि स्वस्तात वीज करणाऱ्याला जो जादा पैसा मिळतो त्यातून नव्या पवनचक्क्या उभ्या राहतात. हे एरवी ठीक चालतं. पण २०२२ च्या उन्हाळ्यात गॅस आकाशाला भिडला तेव्हा युरोपलाच हे सहन झालं नाही. डिसेंबर २०२२ ते जून २०२३ या काळासाठी त्यांनी स्वस्तात वीज बनवणाऱ्यांच्या कमाईवर मेगावॉट-तासाला (हजार युनिटला) १८० युरोची मर्यादा घातली आणि वरचा पैसा ग्राहकांच्या मदतीसाठी वळवला.

निफाडकर

समजलं. म्हणजे सगळ्यात महाग ट्रॉली भाव ठरवते. शेतकऱ्याला असा लिलाव मिळाला तर आम्ही रोज पेढे वाटू. गिऱ्हाईक मात्र रडेल.

उसाचा_रस

बघा, संकट आलं तेव्हा युरोपनेच स्वतःचा नियम बाजूला ठेवला. अजून एक सांगतो. ऑक्टोबर २०२२ मध्ये हल्ल्यांनंतर युक्रेनने वीजनिर्यात थांबवली. तेव्हा रोमानियाने मोल्दोव्हाला बाजारभावापेक्षा कमी, ठरवून दिलेल्या दराने वीज दिली. मोल्दोव्हाला वाचवलं ते शेजारधर्माने. मग बाजाराचे गोडवे कशाला?

तारयंत्री

हा मुद्दा वजनदार आहे आणि मी तो मान्य करतो. फक्त एक जोडतो. शेजारणीने वाटीभर साखर द्यायची म्हटली तरी मधल्या भिंतीला दार लागतं. १६ मार्चच्या आधी ते दारच नव्हतं. दोन ठेक्यांचे ग्रिड थेट जोडता येत नाहीत, जोडले तर दोन्ही कोसळतील. रोमानियाची कितीही इच्छा असती तरी इतकी वीज त्यांना पाठवता आली नसती.

स्टुटगार्टची_सई

थोडं अवांतर, पण ठेक्यावरून आठवलं म्हणून. २०१८ च्या मार्चमध्ये आमच्या स्वयंपाकघरातलं ओव्हनचं घड्याळ जवळजवळ सहा मिनिटं मागे पडलं. मी दोनदा मुलाला शाळेत उशिरा पोचवलं. मला वाटलं ओव्हन बिघडला. मग पेपरात आलं की अख्ख्या खंडात अशी घड्याळं मागे पडली आहेत, आणि कारण आहे सर्बिया आणि कोसोव्हो यांचा वाद!

काका, हे कसं होतं? कोसोव्होत वीज कमी पडली तर स्टुटगार्टचं घड्याळ का मागे पडावं?

तारयंत्री

सई, फार छान आठवण काढलीस. जुनी घड्याळं विजेची आवर्तनं मोजून वेळ दाखवतात. सेकंदाला ५० मोजली की एक सेकंद पुढे. त्या हिवाळ्यात कोसोव्होच्या भागात वापरापेक्षा निर्मिती कमी होती आणि तूट भरून काढायची जबाबदारी कुणाची यावर दोन्ही बाजूंचं एकमत होईना. जानेवारीच्या मध्यापासून मिळून ११३ गिगावॉट-तास (सुमारे ११ कोटी युनिट) वीज ग्रिडमध्ये आलीच नाही. ठेका ५० वरून सरासरी ४९.९९६ वर आला. फरक डोळ्याला दिसणार नाही इतका, पण आठवडेच्या आठवडे साठत गेला आणि तुझं घड्याळ सहा मिनिटं मागे.

मेघना, तुझ्या 'नियम कुठे आले' या प्रश्नाचं उत्तर या ओव्हनमध्ये आहे. तार जोडली की तुमची चूक पोर्तुगालपर्यंत पोचते. म्हणून आपल्या हद्दीतला तोल कोण सांभाळणार, चुकलं तर पैसे कोण भरणार, राखीव क्षमता किती ठेवायची हे आधी लिहून द्यावं लागतं.

चहा_दोन_कप

ओव्हनवाली गोष्ट आज घरी सगळ्यांना सांगणार. ग्रिडचं इतकं सोपं उदाहरण मला आजवर मिळालं नव्हतं.

विल्नियसवासी

गेली सहा वर्षं लिथुआनियात आहे, आयटीत. आमच्याकडची गोष्ट मोल्दोव्हाच्या बरोबर उलटी आहे.

एस्टोनिया, लाटव्हिया, लिथुआनिया २००४ पासून युरोपीय संघात. वीजबाजाराचे सगळे नियम लागू, नॉर्डिक देशांच्या वीजबाजारात खरेदी-विक्री चालू. तरीही ठेका मॉस्कोचाच! मे २०२२ पासून रशियाची वीज विकत घेणं बंद झालं, तरी ठेका, म्हणजे फ्रीक्वेन्सी, तिकडूनच. शेवटी ८ फेब्रुवारी २०२५ ला तिन्ही देश त्या ग्रिडमधून बाहेर पडले, एक दिवस स्वतंत्र चालले, आणि ९ तारखेला पोलंडमार्गे युरोपला जोडले गेले.

आम्ही घरी मेणबत्त्या, बॅटरी, पाण्याच्या बाटल्या भरून ठेवल्या होत्या. दिवा एकदाही फडफडला नाही. ऑफिसातल्या माझ्या सहकारी बाई, वय साठच्या आसपास, त्या दिवशी नुसत्या खिडकीपाशी उभ्या राहून समोरच्या इमारतीतले दिवे बघत होत्या. त्यांच्याशी बोलायचं मला धाडस झालं नाही.

तर उसाचा_रस, आमच्याकडे नियम आधी आणि तार वीस वर्षांनी. मोल्दोव्हात तार आधी आणि नियम मागून धावतायत. दोन्हीकडे एकटं एक पुरलं नाही.

उसाचा_रस

विल्नियसवासी, तुमचा प्रतिसाद दोनदा वाचला. स्वातंत्र्याचा मुद्दा मला समजतो, त्याला माझा विरोध नाही. माझा प्रश्न फक्त किंमत कोण मोजतं हा आहे.

व्हिएन्नाकर

तो प्रश्न विचारलाच पाहिजे, आणि इथे मोल्दोव्हाने एक गोष्ट चांगली केली असं माझं मत आहे. बाजारभाव दाबून सगळ्यांनाच स्वस्त वीज दिली की मोठ्या बंगल्यालाही तीच सवलत मिळते. २०१४ मध्ये युक्रेनच्या सरकारी गॅस कंपनीची तूट अशाच दाबलेल्या दरांमुळे देशाच्या उत्पन्नाच्या ५ टक्क्यांच्या वर गेली होती. स्वस्त गॅस घ्यायचा आणि महाग विकायचा या फरकावर तिथे कित्येक जण गब्बर झाले.

मोल्दोव्हाने २०२२ च्या हिवाळ्याआधी वेगळा निधी उभारला. कुटुंबांनी नोंदणी करायची, परिस्थितीनुसार गट ठरणार, आणि भरपाई थेट बिलातून वजा. दर खरा, मदत गरजेप्रमाणे. त्यात युरोपचा पैसाही आला. यात चुका झाल्याच असतील, पण दिशा मला योग्य वाटते.

निफाडकर

नोंदणी कशी करायची? ऑनलाइन असेल तर म्हातारी माणसं कशी करणार? आमच्याकडे प्रत्येक योजनेत हीच अडचण.

मेघना_तळेगाव

निफाडकर, हे मी भावाला विचारलं. आजींची नोंदणी त्यानेच करून दिली होती, लॅपटॉपवर! आजींनी त्या बदल्यात त्याला चेरीच्या मुरंब्याच्या चार बरण्या दिल्या.

चहा_दोन_कप

हा खरा मराठी माणूस. आई ऐकून खूश झाली असेल.

पण मला एक कळलं नाही. ट्रान्सनिस्ट्रियाचं नाव वर आलं. हा प्रकार काय आहे? वीजकेंद्र मोल्दोव्हाचं आणि तरी मोल्दोव्हाच्या हातात नाही?

व्हिएन्नाकर

नीस्टर नदीच्या पलीकडची पट्टी. कायद्याने मोल्दोव्हाची, पण १९९२ च्या लढाईनंतर वेगळी चालते, तिथे रशियाचं सैन्य आहे. कुचुर्गान हे मोठं केंद्र तिथे, मालकी रशियन कंपनीची. रशियाचा गॅस त्या पट्टीला जवळजवळ फुकट मिळायचा, त्यावर वीज तयार व्हायची आणि ती किशिनाऊला विकून त्या पट्टीचा कारभार चालायचा. आजींना परवडणारं जुनं बिल इथून येत होतं.

१ जानेवारी २०२५ ला युक्रेनमार्गे येणारा रशियन गॅस थांबला. पलीकडे भर थंडीत घरांतले हीटर गार पडले, गरम पाणी बंद झालं, कारखाने थांबले. केंद्र कोळशावर घेतलं तरी पाळीपाळीने वीज कापावी लागली. नदीच्या अलीकडे मात्र दिवे चालू राहिले, रोमानियातून येणाऱ्या विजेवर. दर मात्र वाढले. फेब्रुवारीत युरोपीय संघाने मोल्दोव्हासाठी २५ कोटी युरोची मदत जाहीर केली आणि त्यातला काही भाग पलीकडच्या लोकांसाठी राखला.

तारयंत्री

एक तांत्रिक भर, कारण आपल्याला अभिमान वाटावा अशी गोष्ट आहे. युरोपचा 'उद्याच्या विजेचा' लिलाव १ ऑक्टोबर २०२५ पासून पंधरा मिनिटांच्या टप्प्यांवर आला, आधी तासाचा होता. आपल्याकडे दिवसाचे ९६ ब्लॉक, पंधरा-पंधरा मिनिटांचे, २००२ पासून वीज मोजण्यात आणि २०१२ पासून वीजबाजाराच्या बोलीत आहेत. मोल्दोव्हासारख्या देशाला नवे मीटर, नवी सॉफ्टवेअर, नवी माणसं या सगळ्यांसाठी खटपट करावी लागणार आहे. नियम जुळवणं म्हणजे कायदा संमत करणं एवढंच नव्हे. उपकेंद्रातल्या ऑपरेटरला रात्री दोन वाजता नवी स्क्रीन वाचता आली पाहिजे.

स्टुटगार्टची_सई

काका, आपला दक्षिण ग्रिड जोडला गेला तेव्हा तुम्ही होतात का?

तारयंत्री

होतो. ३१ डिसेंबर २०१३. रायचूर–सोलापूर ७६५ केव्ही. त्या आधी दक्षिण भारत वेगळ्या ठेक्यावर चालायचा. २०१२ च्या जुलैमध्ये उत्तरेकडे लागोपाठ दोन दिवस ग्रिड कोसळला होता, त्यामुळे सगळ्यांच्या पोटात गोळा होता. दोन्हीकडचा ठेका जुळेपर्यंत कुणी चहालाही हात लावला नव्हता. जुळला आणि सुई स्थिर राहिली, तेव्हा आमच्यातला एक जण मोठ्याने 'माउली' म्हणाला. बाहेर लोक नववर्षाचे फटाके उडवत होते, त्यांना यातलं काही माहीत नव्हतं.

मेघना_तळेगाव

सगळ्यांचे मनापासून आभार. काल रात्री भावाशी तासभर बोलले आणि हा धागा त्याला वाचून दाखवला. त्याने आजींना मोडक्यातोडक्या रोमानियनमध्ये थोडं थोडं सांगितलं.

आजी म्हणाल्या, बिल वाढलं हे मी म्हणतच राहणार, कारण ते वाढलंय. पण त्यांनी एक गोष्ट सांगितली जी भावाने मला आधी कधी सांगितली नव्हती. आजींची सख्खी बहीण नदीपलीकडे तिरास्पोलला राहते. २०२५ च्या जानेवारीत तिच्या घरातला हीटर बंद झाला. दहा-बारा दिवस तिने कोट घालून काढले आणि मग एक बॅग घेऊन आजींकडे आली. माझ्या भावाने आपली खोली तिला दिली आणि स्वतः स्वयंपाकघरात झोपला. दोघी बहिणी रोज संध्याकाळी भांडायच्या. एक म्हणायची रशियाने आम्हाला तीस वर्षं फुकट ऊब दिली. दुसरी म्हणायची, मग आज तू माझ्या घरात का आहेस?

उसाचा_रस

मेघनाताई, यावर माझ्याकडे उत्तर नाही. मी अजूनही म्हणतो की भरपाई आधी आणि दरवाढ नंतर, हा क्रम कायद्यातच लिहावा. पण त्या दुसऱ्या बहिणीचा प्रश्न मला दिवसभर पुरेल.

त्या परत गेल्या का?

मेघना_तळेगाव

मार्चमध्ये गेल्या, गॅस थोडा सुरू झाल्यावर. जाताना आजींनी त्यांना विजेची शेगडी आणि दोन जाड रजया दिल्या. भावाने बसस्टँडपर्यंत ओझं उचललं.